विश्लेषण : मँगा, भयकथा, पाकपुस्तके… ‘टाइमपास’ पुस्तकांत नांदेड-लातूरच्या वाचकाला काय सापडते?

शिकवणीच्या शहरांत ‘अवांतर’ ठरणारी ही तीन प्रकारची पुस्तके. एक जपानहून इंग्रजीमार्गे येते, दुसरे आजोबांच्या पिढीपासून मराठीत आहे आणि तिसरे मराठवाड्याच्याच चुलीवरचे आहे. यांतले काय वाचावे, काय सोडावे आणि आपल्या भाषेत काय मिळत नाही, याचा हा आढावा.

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या शिकवणी वर्गांभोवतीच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांकडे पुस्तकांची कमतरता नसते. कमतरता असते ती परीक्षेत न येणाऱ्या पुस्तकांची. रात्री घरून फोन येतो, ‘किती चॅप्टर झाले?’ मुलगा म्हणतो, ‘दोन.’ ते रसायनशास्त्राचे की ‘वन पीस’चे, हे फोनवर कळत नाही.

मँगा, रहस्य-भयकथा आणि पाकपुस्तके या तिन्ही प्रकारांना साहित्यात मानाचे पान नाही. संमेलनात त्यांच्यावर परिसंवाद क्वचित होतो आणि वाचनालयात सर्वाधिक फाटलेली पुस्तके मात्र याच कपाटात असतात. कारण सरळ आहे. ही पुस्तके कोणी कर्तव्य म्हणून वाचत नाही. पान उलटावेसे वाटले नाही, तर ती तिथेच संपतात. त्यामुळे एखादा मुलगा कोणत्या भाषेत मनापासून वाचतो, हे पाहायचे तर पाठ्यपुस्तकापेक्षा याच पुस्तकांकडे पाहावे लागते.

मँगा म्हणजे काय आणि ती इथवर कशी आली?

मँगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती बहुतेक कृष्णधवल असते, उजवीकडून डावीकडे वाचायची असते आणि आधी नियतकालिकात क्रमशः येऊन मग खंडांत बांधली जाते. उर्दू वाचणाऱ्या नांदेडकराला उजवीकडून सुरुवात करण्याचे नवल वाटत नाही. देवनागरीची सवय असलेल्याला पहिली वीस पाने जड जातात, मग डोळा बसतो.

मराठवाड्यात मँगा पुस्तकाच्या दुकानातून आली नाही, ती पडद्यावरून आली. आधी हिंदीत डब केलेली कार्टून, मग ओटीटीवरच्या ॲनिमे मालिका आणि ‘पुढे काय होणार’ हे कळायला लागणारा वेळ सहन न झाल्याने मूळ चित्रकथा, असा हा प्रवास आहे. ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट सप्टेंबर २०२५मध्ये भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबिंगसह प्रदर्शित झाला. त्या यादीत मराठी नव्हती. छापील खंड इंग्रजीत मिळतात. ‘मँगा प्लस’ या जपानी प्रकाशकाच्या अधिकृत ॲपवर मालिकांची पहिली काही आणि ताजी प्रकरणे फुकट वाचता येतात. तिथे इंग्रजी, स्पॅनिशपासून थाई, इंडोनेशियनपर्यंत भाषा आहेत; मराठी नाही.

किमतीचे गणितही पाहावे. ‘वन पीस’ ही मालिका १९९७पासून सुरू आहे आणि तिचे ११०हून अधिक खंड झाले आहेत. एक खंड चारशे रुपयांचा धरला तरी संच ४४ हजारांच्या घरात जातो. खोलीभाडे आणि मेस सांभाळणारे घर एवढा खर्च करणार नाही. म्हणून मुले चाहत्यांनी विनापरवाना भाषांतर करून टाकलेली पाने वाचतात. त्यातून चित्रकाराला काही मिळत नाही आणि अशा संकेतस्थळांवरच्या जाहिराती फोनला धोक्याच्या असतात.

‘सिल्व्हर स्पून’ लातूरची गोष्ट का वाटते?

सगळ्या मँगांतून नांदेड-लातूरच्या वाचकाला एकच सुचवायची झाली, तर ती तलवारीची नाही, तर गोठ्यातली असेल. हिरोमु अराकावा यांची ‘सिल्व्हर स्पून’ ही मालिका २०११ ते २०१९ या काळात आली आणि १५ खंडांत पूर्ण झाली. अराकावा यांचे नाव ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मुळे जगभर झाले, पण त्या होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी घरातल्या. चित्रकार म्हणून तोक्योला जाण्याआधी त्यांनी सात वर्षे घरच्या शेतावर काम केले होते. ‘सिल्व्हर स्पून’मध्ये ते अनुभव उतरले आहेत.

नायक हाचिकेन हा साप्पोरो शहरातला हुशार मुलगा. शिकवण्या, गुण आणि कडक वडील यांच्या ओझ्याखाली तो हवी ती प्रवेशपरीक्षा हरतो. घरापासून दूर जायचे म्हणून वसतिगृह असलेल्या कृषी विद्यालयात नाव घालतो. वर्गातली बाकीची मुले शेतकऱ्यांची आहेत. पहाटे उठून शेण काढायचे, कोंबड्यांची अंडी गोळा करायची, गाईंच्या वेळा पाळायच्या. अभ्यासात हुशार असलेल्या हाचिकेनला यातले काहीच येत नाही.

लातूरमध्ये प्रवास उलट्या दिशेचा आहे. औसा, निलंगा, अहमदपूर, मुखेड, कंधारकडची शेतकऱ्यांची मुले शेत मागे ठेवून परीक्षेच्या शहरात येतात. पण दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे : गुणांच्या पलीकडे आपल्याला काय करायचे आहे? हाचिकेनला आपल्या वर्गमित्रांचा हेवा वाटतो, कारण त्यांचे भविष्य ठरलेले आहे. वर्गमित्रांना मात्र ते ठरलेलेपणच टोचते. एका मुलीला घोड्यांशी संबंधित काम करायचे आहे. पण घरची एकुलती वारस असल्याने ती ते बोलू शकत नाही.

मालिकेतला सर्वांत जड भाग कर्जाचा आहे. एका मित्राच्या घरचा दुग्धव्यवसाय कर्जापायी बंद पडतो. जनावरे जातात, मुलाला शाळा सोडावी लागते आणि त्याचे बेसबॉलचे स्वप्न तिथेच संपते. त्या कर्जाला शेजारचे कुटुंब जामीन असते, त्यामुळे त्यांचे घोडेही विकले जातात. सोसायटीच्या कर्जाला कोण कोणाला जामीन राहिले, यावरून भावकीत अबोला धरलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही पाने समजावून सांगावी लागणार नाहीत.

हाचिकेन एका अशक्त डुकराच्या पिलाला नाव देतो. ‘खायच्या जनावराला नाव देऊ नकोस’, असे सगळे बजावतात. पिल्लू वाढते, कत्तलखान्यात जाते. हाचिकेन सुट्टीतल्या कामाचे पैसे खर्चून त्याचे सगळे मांस विकत घेतो आणि ते मित्रांसोबत खातो. लेखिका इथे रडवतही नाही आणि उपदेशही करत नाही. खाणे म्हणजे काय, याचा विचार करायला लावणारी अशी पाने कोणत्याही भाषेत थोडी सापडतात.

गाजलेल्या इतर मालिकांचे काय?

परीक्षेच्या वर्षात न संपणारी मालिका हाती घेणे धोक्याचे. म्हणून पूर्ण झालेल्या आणि आटोपशीर मालिका आधी पाहाव्यात. ‘डीमन स्लेयर’ २३ खंडांत संपते. चित्रपटामुळे ती सर्वांना माहीत आहे. पण कथा म्हणून ती सरळसोट आहे आणि तिची खरी जादू पडद्यावरच दिसते. कागदावर ती थोडी फिकी पडते.

‘फ्रीरेन’ ही २०२०पासून सुरू असलेली मालिका वेगळी आहे. राक्षसराजाला मारून वीर घरी परतल्यावर ती सुरू होते. हजार वर्षे जगणाऱ्या एल्फ जादूगारणीला आपल्या माणूस-मित्रांसोबतची दहा वर्षे किरकोळ वाटली होती. त्यांच्यातला एक म्हातारा होऊन मरतो, तेव्हा आपण त्याला ओळखूनच घेतले नाही, हे तिच्या ध्यानात येते. मारामारी कमी आणि आठवणी जास्त, असे तिचे स्वरूप आहे. घाईच्या वाचकाला ती संथ वाटेल.

आणि रियोको कुई यांची ‘डिलिशस इन डन्जन’ तर मँगा, अद्भुतकथा आणि पाकपुस्तक हे तिन्ही एकाच वेळी आहे. २०१४ ते २०२३ या काळातली, १४ खंडांची ही मालिका २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर ॲनिमे रूपात आली. भुयारात ड्रॅगनने गिळलेल्या बहिणीला सोडवायला भाऊ आणि त्याचे साथीदार निघतात. पैसे नाहीत, वेळ नाही, शिधा नाही. मग भुयारातले राक्षसच शिजवून खायचे ठरते. पहिलाच पदार्थ आहे मोठा विंचू आणि चालती अळंबी यांचा रस्सा. प्रत्येक पदार्थाचे साहित्य आणि कृती दिली आहे. विनोद वरवरचा आहे. खाली मुद्दा गंभीर आहे. उपाशी माणूस परिसर बारकाईने पाहायला शिकतो. कोणता भाग विषारी, कोणता कडू, काय वाळवून टिकते, हे ज्ञान भुकेतून येते. हा मुद्दा पुढे मराठवाड्यातल्या एका पुस्तकापाशी पुन्हा येईल.

मँगाच्या आधी इथला वाचक काय वाचत होता?

आजच्या मुलाला वाटते तसा हा नाद नवा नाही. ‘चांदोबा’ १९५२पासून मराठीत येत होता आणि विक्रम-वेताळाची चित्रे पाहत दोन पिढ्या वाचायला शिकल्या. २०१०च्या दशकात तो बंद पडला. त्याची जागा मराठीत कोणी घेतली नाही.

मोठ्यांसाठी रहस्यकथा होत्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रे घराघरांत माहीत होती. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांच्या कथांवर कॉलेजची एक पिढी पोसली गेली. २०१३मध्ये त्यांच्या ‘दुनियादारी’वर चित्रपट आला, तेव्हा पुस्तक पुन्हा नव्या पिढीच्या हाती गेले. उर्दू वाचणाऱ्या घरांत इब्ने सफी होते. त्यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२मध्ये अलाहाबादहून सुरू झाली. रेल्वेच्या स्टॉलवर हिंदीतले सुरेंद्र मोहन पाठक होते.

आज मँगाबद्दल जे बोलले जाते, तेच तेव्हा या पुस्तकांबद्दल बोलले जात होते : डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, डोक्यात नको ते भरते. फरक एकच आहे. तेव्हाचा मुलगा लपून वाचत होता, ते मराठीत वाचत होता.

हा प्रकार कमी दर्जाचा, हा समज शास्त्रज्ञानेही मोडला आहे. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते डॉ. जयंत विष्णू नारळीकर होते. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. पुढे तेच नारळीकर नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मे २०२५मध्ये त्यांचे निधन झाले.

धारप आजही वाचावेत का?

वाचावेत, पण निवडून. नारायण धारप (१९२५-२००८) हे मराठी भयकथेतले सर्वांत मोठे नाव. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची (२०१८) एक प्रेरणा त्यांच्या ‘आजी’ या कथेत आहे. ती कथा स्टीफन किंग यांच्या कथेवरून बेतलेली होती. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी मराठी वाड्यात आली आणि तिथून पडद्यावर गेली. सप्टेंबर २०२४मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यानंतर धारपांचे नाव विशीतल्या मुलांच्या तोंडी पुन्हा आले.

धारपांचे बळ त्यांच्या साध्या भाषेत आहे. नोकरी, भाड्याचे घर, बदली, एखादी बंद खोली, असे सगळे ओळखीचे असते. वाक्ये छोटी. भूत लगेच येत नाही. काहीतरी बिनसले आहे, एवढेच आधी कळते. त्यांचे उणेही स्पष्ट आहे. ‘समर्थ’ हे पात्र आले की संकट टळणार, हे वाचकाला ठाऊक असते आणि भीती निम्मी होते. कथांतल्या स्त्रिया बहुधा घाबरण्यापुरत्या असतात. त्यामुळे समर्थकथांपेक्षा स्वतंत्र कथा आधी वाचाव्यात. त्यांची बरीच पुस्तके छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने नव्याने काढली आहेत. पुण्या-मुंबईतल्या वाड्यांची भीती पुन्हा बाजारात आणायचे काम मराठवाड्यातल्या प्रकाशकाने केले, ही दखल घ्यावी अशी गोष्ट आहे.

आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचे नाव आधी घ्यावे लागते. ‘दंशकाल’, ‘हाकामारी’ या त्यांच्या पुस्तकांत भय बाहेरून येत नाही, ते कुटुंबाच्या आतच मुरलेले असते. दारावर हाक मारणाऱ्या बाईची अफवा मराठवाड्यातल्या गावांनाही परकी नाही. ‘धनंजय’सारखा दिवाळी अंक रहस्य, भय आणि विज्ञानकथांना दरवर्षी जागा देतो. स्टोरीटेल, प्रतिलिपी यांसारख्या ॲपवर मराठी भयकथा ऐकता-वाचता येतात. मात्र तिथे निवड वाचकालाच करावी लागते. रोज एक भाग टाकण्याच्या घाईत लिहिलेल्या बऱ्याच मालिका दहाव्या भागाला दम तोडतात.

या कथांत मराठवाडा कुठे आहे?

फारसा नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. मराठी भयकथेचा मुक्काम बहुतेक कोकणात असतो : पाऊस, माड, ओस पडलेला वाडा. उन्हात तापलेले माळरान, कोरडी बारव, भुईकोट किल्ला, उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या वस्त्या यांत भयकथा घडू शकते, हे लेखकांच्या फारसे मनात आलेले नाही. कंधारचा किल्ला किंवा औशाचा किल्ला संध्याकाळी पाहिलेल्याला याचे आश्चर्य वाटेल. एप्रिल २०२२मध्ये उदगीरला ९५वे अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष भारत सासणे यांच्या दीर्घकथांत गूढ आणि अनाम भीती आहे. पण त्यांना कोणी ‘भयकथाकार’ म्हणून रहस्यकथांच्या कपाटात ठेवत नाही. कपाट बदलले की वाचकही बदलतो.

पाकपुस्तक हे वाचायचे पुस्तक असते का?

असते. ‘सूपशास्त्र’ हे मराठीतले सुरुवातीचे छापील पाकपुस्तक १८७५चे. पण घराघरांत पोचले ते कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०). तिचे मोठे काम मापाचे होते. ‘अंदाजाने’ हा शब्द काढून तिथे वाटी आणि चमचा आले. सासू किंवा आई जवळ नसलेल्या मुलीला परगावी बिऱ्हाड मांडता आले, यात या वाटीचा वाटा मोठा आहे. आज मेसच्या डब्याला कंटाळून खोलीवर हॉटप्लेट लावणाऱ्या मुलांनाही ती तितकीच उपयोगी आहे.

पण ‘रुचिरा’तले स्वयंपाकघर मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचे आहे. लातूर-धाराशिवच्या वाचकाला त्यात आपला सर्वांत मोठा जेवणाचा दिवस सापडत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, ज्याला सगळे ‘येळवस’ म्हणतात, शहर ओस पडते आणि शेत भरते. तूर, हरभरा, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन यांची भज्जी होते. सोबत उंडे, आंबील, गव्हाची खीर. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावतात. ही भज्जी चार माणसांच्या वाटीत मावत नाही. ती चाळीस माणसांच्या पातेल्यात होते आणि तिचे माप करणाऱ्या बाईच्या हातात असते.

लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला अलीकडच्या वर्षांत भौगोलिक मानांकन मिळाले. जिन्नसाला मान्यता मिळाली, पण त्या जिन्नसांपासून होणारा स्वयंपाक नीट लिहून ठेवलेला नाही, अशी ही स्थिती आहे. सई कोरान्ने-खांडेकर यांच्या ‘पंगत’ (२०१९) या पुस्तकाने मराठी स्वयंपाकघरांचा मोठा पट मांडला आहे. मात्र ते इंग्रजीत आहे.

‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वेगळे का?

कारण या पुस्तकाने मराठवाड्यातल्या ताटाबद्दल कोणी न विचारलेला प्रश्न विचारला. धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांचे हे पुस्तक २०१५मध्ये छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून निघाले. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्या संस्कृतीत ज्यांच्या अन्नाला नावही नव्हते, त्या महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यात आहे. भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ २०२४मध्ये आला आणि त्याची देशभर चर्चा झाली.

यात चान्या आहेत, म्हणजे उन्हात वाळवून टिकवलेल्या मांसाच्या पट्ट्या. रक्त, आतडी यांचे पदार्थ आहेत. रानातल्या भाज्या आहेत. तेल-तूप, सुकामेवा, दूध-दही यांची रेलचेल नाही. कारण ते परवडतच नव्हते. प्रत्येक कृतीमागे एक व्यवस्था उभी आहे : कोणाला काय खायची मुभा होती, काय वाट्याला येत होते आणि काय शिळे मिळत होते. ‘डिलिशस इन डन्जन’मध्ये जे कल्पनेने रचले आहे, म्हणजे हाताशी असलेल्या गोष्टीतून जगण्याचे शास्त्र उभे करणे, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्ष घडलेले आहे. तिथे भुयार स्वेच्छेने निवडलेले होते. इथे ते लादलेले होते.

पुस्तक वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७मध्ये महाडला मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. यातले काही अन्न समाजाने स्वाभिमानाने सोडले. त्यामुळे ते पुन्हा कागदावर आणावे का, यावर त्याच घरांत दोन मते असू शकतात. दुसरे म्हणजे राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी घालणारी कायद्याची दुरुस्ती याच २०१५ साली लागू झाली. म्हणजे काही कृती छापून आल्या, तेव्हा त्या इथे रांधणे कायद्याने अवघड झाले होते. पाकपुस्तक अशा वेळी कृतीपेक्षा नोंद म्हणून वाचावे लागते.

उणे काढायचे तर ‘रुचिरा’सारखी वाटी-चमच्याची शिस्त इथे शोधू नये. पण ज्या घरात वाटीभर काही मोजण्याइतके शिल्लक नव्हते, तिथल्या स्वयंपाकाकडून ती अपेक्षा करणेही बरोबर नाही.

मग अडते कुठे?

तीन ठिकाणी. पहिली अडचण भाषेची. हिरोशिमावरची ‘बेअरफूट गेन’ ही मँगा हिंदीत आली आहे. मराठीत मुलांच्या हाती देता येईल असा मँगाचा वाहता प्रवाह नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. जुने ग्रंथ जपायला त्याचा उपयोग होईल. पण सोळा वर्षांचा मुलगा रात्री अकराला उत्सुकतेने काय उघडतो, यावर भाषेचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य ठरते आणि ते पान आज बहुधा इंग्रजीत असते.

दुसरी अडचण वाचनालयाची. महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत. तिथे चरित्रे आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके सहज मिळतात. पूर्ण झालेल्या एखाद्या मँगा मालिकेचा संच मात्र क्वचितच दिसतो. एका मुलाला न परवडणारे १५ खंड एका वाचनालयाला परवडू शकतात आणि ते शंभर मुले वाचू शकतात.

तिसरी अडचण घरातली. ‘अवांतर’ या शब्दात अपराधाची छटा आली आहे. अभ्यासातून उठून जो मुलगा मँगा वाचतो, तो निदान वाचतो तरी आहे. त्याच वेळात रील्स पाहणाऱ्यापेक्षा त्याला मराठी पुस्तकापर्यंत आणणे सोपे आहे.

सुरुवात कुठून करावी?

• परीक्षेच्या वर्षात असलेल्यांनी : ‘सिल्व्हर स्पून’. १५ खंड, पूर्ण झालेली मालिका, शाळकरी इंग्रजी पुरते. आठवड्याला एक खंड.

• ‘तुंबाड’ आवडलेल्यांनी : आधी धारपांच्या स्वतंत्र भयकथा, मग हृषीकेश गुप्ते. समर्थकथा नंतर.

• मँगा वाचणाऱ्या मुलांच्या पालकांनी : ‘डिलिशस इन डन्जन’चा पहिला खंड मुलासोबत वाचावा. उजवीकडून कसे वाचायचे, हे मुलाला शिकवू द्यावे.

• खोलीवर स्वयंपाक करणाऱ्यांनी : ‘रुचिरा’. वरण-भात आणि दोन भाज्यांपासून सुरुवात.

• मराठवाड्याचे ताट समजून घ्यायचे असलेल्यांनी : ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मराठीतच वाचावे. बोलीतले शब्द अनुवादात तसेच्या तसे येत नाहीत.

• आणि येत्या येळवसेला शेतात जाणाऱ्यांनी : भज्जी ढवळणाऱ्या आजीजवळ वही घेऊन बसावे. किती माणसांना किती डाळ, चिंच कधी घातली, बेसन केव्हा लावले, एवढे चार ओळींत लिहून घ्यावे. ते पान अजून कोणत्याही पुस्तकात नीट छापलेले नाही.